घोणसगडाला कवाडं का नाहीत

हा समोर दिसतो तो घोणसगडाचा दरवाजा. नीट बघा. कमान आहे, दोन्ही अंगांना बुरूज आहेत, उंबरा आहे, अडसर सरकवायची भिंतीतली भोकं आहेत. कवाडं मात्र नाहीत. ती चोरानं नेली नाहीत, वाळवीनं खाल्ली नाहीत, की तोफेनं उडवली नाहीत. गडावरच्या माणसांनी ती आपल्या हातानं काढली, आणि तीही ऐन लढाईच्या दिवसांत. आत गेलो की दाखवते कुठे आहेत ती.

त्याआधी मला एक सांगा पोरांनो. सकाळी तुमच्या मुक्कामाच्या खोलीवर मी चहा घेऊन आले, कडी वाजवली, तर आतून "कोण आहे?" म्हणून कोण ओरडलं? तू का रे चष्मेवाल्या? हसतोस काय मेल्या, माझ्या हातातली किटली हिंदकळली ना! आमच्या घोणसवाडीत कडी वाजली की "कोण" विचारत नाहीत. आधी म्हणायचं, "ये, आपलाच आहेस," मग दार उघडायचं, आणि मग तोंड बघायचं. पोस्टमन असो, व्याही असो, नाहीतर मतं मागायला आलेला असो. नवी सून घरात आली की तिला चूल दाखवायच्या आधी हे शिकवतात. "कोण" हा शब्द आमचा नाही. तो ज्याचा आहे त्याची गोष्ट सांगते, बसा त्या दगडांवर. ह्या मोकळ्या जागेला हबशाची माची म्हणतात. तुम्ही बसलात ते त्यांच्या चुलींचे दगड, असं सांगतात. नको, उठू नका. बसायलाच ठेवलेत ते.

फार जुनी गोष्ट आहे. राज्य कुणाचं ते विचारू नका, मला सनावळ्या येत नाहीत. एका राजाला दोन मुलगे होते. राजाचे डोळे मिटले आणि दोघांत भाऊबंदकी पेटली. त्यांची नावं आम्ही घेत नाही, थोरला आणि धाकटा एवढंच म्हणतो. घोणसगड थोरल्याकडे होता. परक्याशी लढाई असली तर सोपं असतं बाबांनो. त्याची पगडी वेगळी, बोली वेगळी, लांबून कळतं. इथे सगळं एकच. मामा थोरल्याकडे तर भाचा धाकट्याकडे. एकाच जत्रेत नारळ फोडलेली माणसं एकमेकांचे गळे कापत होती. गडावर म्हणे कुणी कुणाकडे पाठ करून जेवायला बसत नसे. शेजारी झोपलेला सकाळी आपला असेल की त्यांचा, कुणाला सांगता यायचं नाही.

गडाचा किल्लेदार होता बजाजी नाईक. त्यानं यावर तोड काढली. दरवाजा थापटला की आतून दारवानानं विचारायचं, "कोण?" आणि बाहेरच्यानं म्हणायचं, "आपलाच." एवढा एकच शब्द. तो आला तर अडसर निघेल, नाही आला तर वरून धोंडा पडेल.

तेव्हाच खाडीकडून हबशांची एक तुकडी थोरल्याच्या चाकरीला आली. काळी कुळकुळीत, उंच, कुरळ्या केसांची माणसं. त्यांच्या आज्या-पणज्यांना समुद्रापलीकडून विकून आणलेलं. पण ही पिढी इथल्याच मातीत जन्मलेली. ठेच लागली तर तीही "आई गं"च म्हणायची. त्यांचा म्होरक्या होता सिद्दी मरजान. दिसायला आडदांड, आवाज मात्र हलका, जनावराला चुचकारावं तसा.

थोरल्याला ही माणसं हवी होती, गडाला नको होती. त्यांना बघून गडावरच्या बाया पोरांना पोटाशी धरायच्या. रडणाऱ्या पोराला "गप, हबशी येईल" म्हणून भीती घालायच्या. किल्लेदारानं त्यांना दरवाजाच्या आत घेतलंच नाही. इथे, ह्या माचीवर, उघड्यावर राहा म्हणाला. म्हणजे शत्रू आला तर पहिला वार त्यांच्यावर, आणि जेवायची वेळ आली तर शेवटचा घास त्यांचा. जोंधळ्याचं माप आतल्यांना भरून, ह्यांना निम्मं. गडावरची माणसं खाली उतरताना ही माची टाळून जायची. ती बघा कडेची वाट, कड्याला लागून. पाय घसरला तर थेट दरीत, पण तिथून जायची. हबशाची सावली नको, म्हणे! आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, दुसरं काय.

पाणी तेवढं मिळायचं. आतल्या टाक्यावर त्यांना येऊ देत नसत, पण दारवान होता भिवजी, त्याची बायको तुळजा. दरवाजाशेजारी तो झरोका दिसतोय ना, तिथून ती पन्हळीनं पाणी सोडायची. पहिल्या दिवशी तिनं भीतीनं डोळे मिटूनच पाणी सोडलं. खाली मरजान ओंजळ धरून उभा. पोटभर प्याला आणि वर न बघता म्हणाला, "पुरे गं बाय." खाडीकडे बहिणीला बाय म्हणतात. मग रोजचंच झालं. ती पाणी सोडायची, तो एकेकाला पाजायचा, शेवटी स्वतः प्यायचा आणि म्हणायचा, "पुरे गं बाय." तिला सख्खा भाऊ होता, पण तो धाकट्याकडे गेला होता. तुळजा त्या दोन शब्दांची वाट बघायला लागली, असं सांगतात.

हबशांनासुद्धा कधी आत निरोप द्यायला दरवाज्याशी यावं लागायचं. "कोण?" म्हटलं की त्यांनी काय सांगायचं? किल्लेदाराचा हुकूम होता, "हबशी" म्हणायचं. "आपलाच" हा शब्द त्यांना नव्हता.

मरजाननं एकदा किल्लेदाराची गाठ घेतली. त्याला वाटलं, हा जोंधळा वाढवून मागणार. मरजान म्हणाला, "जोंधळा निम्मा चालेल. आम्हाला 'आपलाच' म्हणू द्या."

बजाजी नाईक खो खो हसला. "अरे, टाक्यात तोंड बघ एकदा. तू आपलाच म्हणालास तर दरवाज्याचे दगड हसतील."

"नाईक," मरजान म्हणाला, "तुमचा वैरी तुमच्यासारखाच दिसतो. तुमच्यासारखाच बोलतो. ह्या अख्ख्या मुलखात तो एकाच माणसासारखा दिसत नाही, तो म्हणजे मी. मग आपला म्हणून ओळखायला सगळ्यांत सोपा कोण?"

उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं चिडतात. किल्लेदारानं मरजानला घालवून दिलं.

मग भादवा आला. तुम्ही शहरातले, तुम्हाला धुकं म्हणजे फोटो काढायची मौज. इथलं भादव्यातलं धुकं तसं नसतं. दरीतून चढतं आणि भरदुपारी हात पुढे केला तर आपलीच बोटं दिसत नाहीत. आवाज कुठून येतोय कळत नाही. आम्ही अजून त्या दिवसांत गुरं सोडत नाही. अशाच एका दुपारी गडावरची दहापाच माणसं चाऱ्याला खाली गेलेली. हबशी इथे चुलींशी शेकत बसलेले. आणि धुक्यातून पावलं वाजायला लागली.

बरीच पावलं होती. धाप लागलेली, दबक्या आवाजात बोलणारी. हबशांना वाटलं, चाऱ्याला गेलेली माणसं परतली. ती नेहमीसारखी कडेनं जातील म्हणून कुणी मान वर केली नाही. पण पावलं कडेनं गेली नाहीत. सरळ माचीच्या मधून, चुलींच्या मधून, हबशांना खेटून जायला लागली. एकाचा पाय मरजानच्या चुलीला अडखळला, राख उडाली, आणि तो माणूस खाली न बघता म्हणाला, "चुकलं रे दादा."

मरजान सावध झाला, म्हणे. ह्या गडावरच्या कुणी त्याला कधी दादा म्हटलं नव्हतं. कुणी त्याच्या चुलीच्या जवळून गेलं नव्हतं. ही माणसं आपली असती, तर आपल्याला टाळून गेली असती! धुक्यात इथे कोण बसलंय हे ज्यांना ठाऊक नाही, ती धाकट्याची माणसं. आणि ती दरवाज्याकडे निघालीत.

सगळ्यांच्याच लक्षात आलं. एक तरणा हबशी मरजानच्या कानाशी लागला, "जाऊ दे ना. त्यांच्या त्यांच्यात कापू दे. आपले कोण लागतात ते?"

मरजान म्हणाला, "मीठ त्यांनी निम्मं घातलं, खरं आहे. पण पाणी पुरेपूर प्यालोय. बाय आत आहे." आणि तो तलवार घेऊन उठला. बाकीचे क्षणभर बसून राहिले, मग तेही उठले.

आता दरवाज्याच्या आत काय चाललं होतं ते ऐका. कवाडावर थाप पडली. भिवजी दारवानानं विचारलं, "कोण?"

"आपलाच. चारा आणलाय, उघड."

भिवजीनं अडसराला हात घातला. तेवढ्यात धुक्यातून दुसरा आवाज आला, "उघडू नको! ते आपले नाहीत!"

"तू कोण?"

भिवजीच्या ह्या सवालाला मरजाननं काय म्हणायचं? हबशी म्हणावं, तर हबशाच्या शब्दावर गड चालत नाही. मरजान ओरडला, "आपलाच!"

लगेच पहिला आवाज, "आपलाच मी! तो फितूर झालाय, उघड लवकर!"

काय करावं त्या भिवजीनं? दोन्हीकडून एकच शब्द. किल्लेदार धावत आला, म्हणाला, "उघड! आपली पोरं बाहेर आहेत. तो काळा उलटलाय, मला ठाऊकच होतं." भिवजीनं अडसर ओढला. अर्धा निघाला असेल नसेल, तोच तुळजा आली आणि अडसराला पाठ लावून खाली बसली. म्हणाली, "मी रोज पाणी घालते त्याचा आवाज आहे हा. ह्याला मी ओळखते. दुसऱ्या आवाजाचं नाव सांगा मला. सांगा ना, तुमचाच आहे ना तो?"

कुणालाच सांगता येईना. चाऱ्याला गेलेल्यांपैकी तो कुणाचाच आवाज नव्हता. किल्लेदाराचं तोंड पडलं. भिवजीनं अडसर पुन्हा आत ढकलला, आणि मग बाहेर तलवारी वाजायला लागल्या.

आतल्यांना दिसत काहीच नव्हतं. झरोक्यातून बघावं तर नुसता पांढरा कापूस. फक्त ऐकू येत होतं. लोखंडावर लोखंड. धपकन कुणीतरी पडल्याचं. मधूनच "आई गं." ते हबशाचं की धाकट्याच्या माणसाचं, कसं कळणार? दोघांची आई एकाच शब्दातली. गडावरची सगळी माणसं अंगणात येऊन दाराकडे बघत उभी होती. पोरंसुद्धा रडायची थांबली होती. मग हळूहळू आवाज कमी झाले. धावणारी पावलं खाली दरीत गेली. आणि सगळं शांत झालं.

मग कवाडावर थाप पडली.

वर नाही, खाली. उंबऱ्यापासून हातभर उंचीवर. बसलेल्या माणसानं मारावी तशी.

भिवजीच्या तोंडून सवयीनं निघालं, "कोण?"

"आपलाच."

घोगरा, फाटलेला आवाज होता. तुळजा अडसराकडे झेपावली. किल्लेदारानं तिचे दोन्ही दंड धरले. "खुळी आहेस का? त्यातलाच कुणी मेल्याचं सोंग घेऊन बसला असेल. आवाज काय, कुणीही काढेल." तो भित्रा होता म्हणून वाईट वागला, की वाईट होता म्हणून भित्रा झाला, देव जाणे.

पुन्हा थाप. "आपलाच."

आणि बजाजी नाईक बंद दाराकडे तोंड करून म्हणाला, "आपले सगळे आत आहेत."

हे वाक्य आमच्या गावात कुणी उच्चारत नाही. गोष्टीत सांगावं लागतं म्हणून सांगते, आणि सांगून झालं की घरी जाऊन चूळ भरते.

तरी थाप पडतच राहिली. थोडी थांबायची, पुन्हा पडायची. दर वेळी हळू, दर वेळी खालून. तुळजा ओरडत होती, कवाडावर डोकं आपटत होती, "अरे उघडा, कुणीतरी उघडा!" एवढी माणसं उभी होती, एकही पुढे झाला नाही. तिच्या कपाळातून रक्त आलं. तेव्हा पलीकडून, अगदी फळीला लागून आवाज आला, "पुरे गं बाय."

त्यानंतर थाप पडली नाही.

तिन्हीसांजेला धुकं विरलं आणि दार उघडलं. मरजान कवाडाला पाठ लावून बसला होता, गडाकडे पाठ आणि वाटेकडे तोंड. दार उघडलं तसा तो आत कलंडला, तुळजाच्या पायांवर. असा तो पहिल्यांदा घोणसगडाच्या आत आला. पायऱ्यांवर त्याची माणसं पडली होती, आणि त्यांच्या खाली धाकट्याची, कितीतरी जास्त. चाऱ्याला गेलेली आपली माणसं ओढ्यात कापलेली सापडली. मरायच्या आधी त्यांच्याकडून तो शब्द काढून घेतला होता.

आता इथे गोष्ट संपायला हवी होती. संपली नाही. दुसऱ्या दिवशी तिन्हीसांजेला भिवजीनं दार लावलं, अडसर घातला, आणि खालून, हातभर उंचीवर, थाप पडली.

"आपलाच."

भिवजीनं दार उघडलं. बाहेर कुणी नाही. लावलं, की थाप. गड नुसता हबकून गेला. दारवान बदलले, एकही टिकेना. नारळ झाले, लिंबं झाली, बकरं झालं. बकरं तर दारात यायलाच तयार नव्हतं. शेवटी किल्लेदारानं स्वतः रात्रीची राखण घेतली, आणि सकाळी तो भिंतीला चिकटून बसलेला सापडला. तोंडानं एकच, "आपले सगळे आत आहेत, आपले सगळे आत आहेत." त्यानंतर तो दुसरं काही कधी बोलला नाही, म्हणे.

तुळजा तेव्हा सगळ्यांपुढे उभी राहिली. म्हणाली, "त्याला बकरं नको, लिंबू नको. जिवंत होता तेव्हा काय मागत होता ते आठवा. जोवर हे दार लागतंय तोवर तो थापटणार. कवाडं काढा."

माणसं ओरडली, "लढाई चाललीय आणि कवाडं काढा? धाकटा येऊन आपल्याला कापील!"

"कापील तर कापील. तेव्हा कवाडं होती म्हणून जगलात का? बाहेर कोण बसलं होतं म्हणून जगलात?" आणि तिनं तिथेच पदर पसरला, नवस बोलली, "मरजानदादा, आजपासून ह्या गडाला दार नाही. तू आत ये. राखायचं की नाही ते तूच बघ."

भिवजीनं पहिली पाचर ठोकून काढली. मग एकेक करून बाकीचे आले. हबशांपैकी दोघंतिघं खाली झुडपात बेशुद्ध पडलेले, ते वाचले होते. आधी माचीवर घाईनं पुरलेल्या आपल्या माणसांना त्यांनी आपल्या रीतीनं गडाच्या आत, अगदी मधोमध, टाक्याशेजारी मूठमाती दिली, आणि त्यांच्यावर ती दोन्ही कवाडं आडवी टाकली. वर दगड रचले. मघाशी म्हटलं ना, कवाडं कुठे आहेत ते दाखवते, ती तिथे. वाचलेले हबशी पुढे घोणसवाडीतच नांदले. कुणाच्या घरात कुरळे केस कुठून आले हे आमच्यात विचारत नाहीत. माझी नात बघितलीत ना सकाळी? मग झालं तर.

त्या संध्याकाळी तुळजा मोकळ्या कमानीत उभी राहिली आणि धुक्याकडे बघून म्हणाली, "ये, आपलाच आहेस." थाप पडली नाही. पडणार कशावर?

धाकटा आला. यायचाच होता. कवाडं नाहीत ही बातमी लपते होय? भरदुपारी, धुक्यात, शेकडो माणसं घेऊन आला. गडावरची माणसं देव आठवत बसली होती. धाकट्याचे लोक उघड्या कमानीपर्यंत पोचले, पहिल्यानं पाय उचलला, आणि आतून, टाक्याच्या बाजूनं, हलक्या आवाजात कुणीतरी विचारलं, "कोण?"

त्यांना शब्द ठाऊक होता. पण त्यांच्यातल्या एकाच्याही तोंडून तो फुटेना, असं सांगतात. जीभ टाळ्याला चिकटली. मागच्या मागे पळाले, काही कडेच्या वाटेवरून दरीत गेले. पुन्हा त्या गडावर कुणी चालून आलं नाही. थोरल्या-धाकट्याचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही, आणि गावालाही त्याचं काही पडलेलं नाही.

तेव्हापासून विचारायचा हक्क मरजानचा, आणि उत्तर द्यायची पाळी आमची. आजही ह्या माचीवर थांबून सगळ्यांनी एकाच तांब्यानं घोटघोटभर पाणी प्यायचं. कोण कुठला ते न बघता. कडेच्या वाटेनं कुणी जायचं नाही. मग वर जाऊन कमानीसमोर थांबायचं, मोठ्यानं "आपलाच" म्हणायचं, बाईमाणसानं "आपलीच", आणि जरा वाट बघून आत पाऊल टाकायचं. धुकं चढायला लागलंय, तेव्हा उठा आता.

काय रे चष्मेवाल्या, हसू गेलं कुठे? भीती वाटते? वाटू दे. मलाही वाटते. लहानपणापासून ह्या कमानीतून जाते, तरी दर वेळी पाय जड होतात. आतून तो "कोण" म्हणेल ह्याची भीती नाही रे. ते ऐकायची तर सवय ठेवलीय मनाला. मी "आपलीच" म्हणेन, आणि आतून उत्तर येईल, की आपले सगळे आत आहेत, त्याची भीती वाटते.

घे, तांब्या धर. आधी तू पी.